बी.कॉम. झालं, हाती बॉण्डवाली ऑफर, घरी एमपीएससीचा धोशा: आधी काय ठरवायचं?

प्लॅटफॉर्म_पाच

नमस्कार मंडळी. यंदा मुंबई विद्यापीठाचं बी.कॉम. झालं, ६२ टक्के. वय २१, राहणं डोंबिवली पूर्वेला, प्रवर्ग ओबीसी. समोर चार वाटा आहेत आणि चौघांची तोंडं चार दिशांना.

मरोळच्या एका बॅक ऑफिस कंपनीची ऑफर आहे. वर्षाला ३ लाख ६० हजार सीटीसी (म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च), २ वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडलं तर दीड लाख भरायचे. रुजू व्हायला २० दिवस उरलेत. घरच्यांचं म्हणणं, नोकरीत अडकू नकोस, पूर्ण वेळ एमपीएससी कर, नाहीतर निदान बँकेच्या परीक्षा दे. मित्र एमबीए सीईटीच्या मागे आहेत. शिवाय ४ महिन्यांचा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा एक कोर्स बघून ठेवलाय. फी ८५ हजार, 'नोकरीची हमी' म्हणतात आणि हप्ते करून देतात.

पगार आला नाही तर घर वर्षभर चालेल, दोन वर्षं चालणार नाही. नॉन क्रीमीलेअर दाखला बारावीच्या वेळचा आहे. 'मन सांगेल ते कर' हे घरी ऐकून झालंय, त्यामुळे कृपया आकड्यांत आणि नियमांत सांगा.

---

कालनिर्णायक

चारही वाटा एकाच दिवशी बंद होणार असल्यासारखा विचार चाललाय, घोळ तिथेच आहे. प्रत्येक दाराला वेगळं घड्याळ असतं. ते आधी बघा.

एमपीएससी राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे घरी ज्या दारासाठी सगळ्यात जास्त घाई चाललीय, ते दार सगळ्यात शेवटी बंद होतं. अपवाद पीएसआयचा: तिथे खुल्याला ३१, मागासवर्गीयांना ३४. यूपीएससीला ओबीसीसाठी ३५ वर्षं आणि ९ संधी. पूर्वपरीक्षेचा एक जरी पेपर दिला तरी संधी खर्ची पडते, नुसता अर्ज भरून गैरहजर राहिलात तर नाही. सरकारी बँकांच्या सामायिक भरतीत (आयबीपीएस) क्लर्क २८ आणि पीओ, म्हणजे अधिकारी, ३०, ओबीसींना त्यावर ३ वर्षं. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ला पदवीला ६० टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. वय ३०, वर ओबीसीची ३ वर्षं. एमबीएला वयाची अटच नाही.

आता लवकर बंद होणारी दारं. पहिलं 'फ्रेशर' या शब्दाचं. मोठ्या कंपन्यांच्या ऑफ-कॅम्पस भरतीत 'अमुक वर्षी उत्तीर्ण' अशी अट असते. बहुधा चालू वर्षाची आणि फार तर मागच्या वर्षाची बॅच घेतात. दोन वर्षं घरी अभ्यास केलेल्या उमेदवाराचा अर्ज त्या चाळणीत संगणकच बाजूला काढतो, मुलाखतीत समजावून सांगायची वेळसुद्धा येत नाही.

दुसरं दार अ‍ॅप्रेंटिसशिपचं. पदवीधरांसाठी एनएटीएस या सरकारी पोर्टलवर नोंदणी होते, पश्चिम विभागाचं कार्यालय सायनला आहे. मुदत साधारण १ वर्ष. विद्यावेतन २०१९ च्या नियमानुसार किमान ९,०००, त्यातला निम्मा भार सरकार उचलतं. सरकारी बँकासुद्धा पदवीधर अ‍ॅप्रेंटिस घेतात. पण पदवीनंतर १ वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरी झाली की तिथे अर्ज चालत नाही. वर्षभर नोकरी करून मग हे बघू असं म्हणता येत नाही, आणि हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

तुमची खरी मर्यादा तुम्हीच लिहिलीय: घर एक वर्ष चालेल. म्हणजे पगाराविना राहायचं तर जास्तीत जास्त १० महिने. उरलेले २ महिने नोकरी शोधण्यासाठी राखून ठेवा. ती तारीख आजच वहीत लिहा, निकाल लागेपर्यंत थांबू म्हणू नका. एमपीएससीचा निकाल कधी लागेल हे तुमच्या हातात नाही.

---

पगारपत्रक

ऑफरपुरतं बोलतो. आधी ३ लाख ६० हजार म्हणजे हातात किती ते पाहू. ऑफर लेटरच्या मागे 'अ‍ॅनेक्शर' असतो, तो मागवून घ्या. सर्वसाधारण मांडणी अशी निघते:

महिन्याला ३०,०००.
त्यातून व्हेरिएबल १० टक्के धरला तर ३,००० (वर्षाअखेरीस, कामगिरीवर, कधी अर्धाच).
कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० (बेसिक १५,००० वर १२ टक्के).
ग्रॅच्युइटी ७२२ (बेसिकच्या ४.८१ टक्के, कायम नोकरीत ५ वर्षं झाल्याशिवाय सहसा हाती येत नाही).
गट विम्याचा हप्ता ५०० धरा.
उरले २३,९७८, हा तुमचा ग्रॉस.
त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात २१,९७८.

व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५०० होतात. स्त्रियांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. ग्रॉस २१,००० च्या आत असता तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्केही गेले असते, पण बदल्यात उपचाराची सोय मिळाली असती.

पीएफला पैसे बुडाले समजू नका. कंपनीच्या १,८०० तले १,२५० पेन्शन खात्यात जातात, उरलेले ५५० आणि तुमचे १,८०० मिळून महिन्याला २,३५० तुमच्या नावावर साठतात.

अ‍ॅनेक्शरमध्ये पीएफचं नावच नसेल आणि पदापुढे 'कन्सल्टंट' असेल तर थांबा. ती नोकरी नसते, कंत्राट असतं. मोबदल्यातून बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. तुमच्या उत्पन्नावर कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. त्या काळाची पीएफ नोंदही होत नाही.

आता बॉण्ड. 'कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर' असं सांगणारे दहा जण भेटतील. ते अर्धसत्य आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं, धंदा-व्यवसाय करण्यापासून माणसाला रोखणारा करार रद्दबातल. पण नोकरी चालू असतानाच्या काळाला बांधणारी वाजवी अट त्यात मोडत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांची अट आणि २ लाखांची रक्कम ग्राह्य धरली. दुसऱ्या बाजूला कलम ७४ आहे: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. आठवडाभर सॉफ्टवेअर दाखवून 'प्रशिक्षणाचा खर्च दीड लाख' म्हणणाऱ्या खाजगी कंपनीला ते सहज सिद्ध करता येणार नाही.

प्रत्यक्षात भांडण कोर्टात क्वचित जातं. कंपनी रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब अडवून धरते. 'ही नोकरी लपवून पुढची शोधू' हेही होत नाही, कारण यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) कंपनीचं नाव आणि तारखा दिसतात, आणि पुढची कंपनी तपासणीत नेमकं तेच बघते.

म्हणून सही करण्याआधी एचआरला हे विचारा, फोनवर नाही, मेलवर:

दीड लाखाची रक्कम महिन्यागणिक कमी होते का? २४ महिन्यांत समान घटत असेल तर महिन्याला ६,२५० उतरतात, १८ महिन्यांनी सोडलं तर ३७,५०० उरतात. घटत नसेल तर २३ व्या महिन्यातही पूर्ण दीड लाख. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बॉण्डचा काळ रुजू झाल्याच्या दिवसापासून की कायम झाल्यापासून? प्रोबेशनचे ६ महिने वगळले तर २ वर्षांची अडीच होतात.

कंपनीनेच काढलं तर रक्कम लागू आहे का? लागू नसेल तर तसं शब्दांत लिहिलेलं हवं.

बॉण्ड संपल्यावर नोटीस पिरियड किती? ९० दिवस असेल तर पुढची कंपनी तीन महिने थांबेल का, हा वेगळा प्रश्न उभा राहतो.

आणि दोन गोष्टी कधीच द्यायच्या नाहीत: मूळ गुणपत्रिका आणि सही केलेला कोरा चेक. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ त्याच दिवशी पिशवीत परत. कोरा चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. बॉण्डच्या वादापेक्षा ती डोकेदुखी मोठी.

---

अभ्यासिका_टेबल_७

कालनिर्णायक यांच्या घड्याळांना अनुमोदन, पण त्यातून 'नोकरी करता करता एमपीएससी' असा अर्थ कुणी काढेल म्हणून लिहितोय. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. एकूण ९ पेपर. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, फक्त पात्रतेसाठी. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन प्रत्येकी २५०. गुणवत्तेत धरले जाणारे १,७५०, त्यावर मुलाखत २७५. पूर्वीसारखे पर्याय रंगवून पार पडणारं प्रकरण राहिलेलं नाही. रोज हाताने लिहायचा सराव लागतो आणि तो डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने होत नाही.

तासांचा हिशेब मांडा. ऑफिस ९ तास, येणं-जाणं साडेतीन, झोप ७. उरले साडेचार, त्यात आंघोळ, जेवण, घरचं काम. आठवड्याच्या दिवशी खरे २ तास मिळतात, रविवारी ६. पाच दिवसांचा आठवडा असेल तर शनिवारचे आणखी ५. म्हणजे आठवड्याला १८ ते २१ तास. एवढ्यात बँकेची पूर्वपरीक्षा ५-६ महिन्यांत तयार होते. राज्यसेवेची मुख्य होत नाही, हे माझं स्पष्ट मत.

बँकेच्या पूर्वपरीक्षेचं गणित वेगळंच आहे. १०० प्रश्न, ६० मिनिटं, तीन भाग: इंग्रजी ३०, गणित ३५, बुद्धिमापन ३५. प्रत्येक भागाला २० मिनिटं, आणि ती संपली की तो भाग बंद. चुकीला पाव गुण वजा. बी.कॉम.ची मुलं इथे ज्ञानात मागे पडत नाहीत, वेगात पडतात. गणितातले पहिले १० प्रश्न सरळ आकडेमोडीचे सोडवायचे सोडून डेटा इंटरप्रिटेशनच्या तक्त्यात १२ मिनिटं घालवतात. रोज एक २० मिनिटांचा भाग घड्याळ लावून सोडवा आणि नंतर ४० मिनिटं चुका तपासा. उलटं करू नका, म्हणजे रोज तीन चाचण्या आणि तपासणी शून्य. दोन महिन्यांनी गुण आहे तिथेच असतात.

क्लर्कसाठी ज्या राज्यातून अर्ज भराल तिथली भाषा यावी लागते, म्हणजे महाराष्ट्रात मराठी तुमच्या बाजूने आहे. आणि 'बॉण्ड नको म्हणून बँक' असा हिशेब असेल तर जाहिरात नीट वाचा. बऱ्याच सरकारी बँका पीओकडूनही बॉण्ड घेतात; वर दिलेला निकाल बँकेच्याच प्रकरणातला आहे.

पूर्ण वेळ एमपीएससी करायचीच असेल तर एक चक्र, आणि त्याला आधीच मोजपट्टी लावून. पूर्वपरीक्षेचे दोन पेपर, दोन्ही २०० गुणांचे. दुसरा सीसॅट (उतारे, गणित, बुद्धिमापन), फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. कॉमर्सवाले 'आपलं गणित बरं आहे' म्हणून सीसॅटकडे बघत नाहीत आणि उताऱ्यांत वेळ संपून तिथेच गळतात. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मागच्या वर्षांचे तीन पेपर घरी वेळ लावून सोडवा. पहिल्या पेपरचा गुण आदल्या वर्षीच्या तुमच्या प्रवर्गाच्या कटऑफपासून ४० च्या पुढे लांब असेल तर या चक्रात भागणार नाही. तेव्हाच गट ब, गट क च्या संयुक्त परीक्षेकडे किंवा बँकेकडे वळा. कटऑफ आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. क्लासच्या फलकावरचा धरू नका.

क्लर्क-टायपिस्टची पदं डोक्यात असतील तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं. ते पूर्ण व्हायला काही महिने जातात, म्हणून आत्ताच सुरू करा. रोजचा एक तास पुरतो.

महागड्या क्लासआधी सीएसएमटीसमोरच्या राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा बघा. यूपीएससीचं प्रशिक्षण सरकारी आहे, प्रवेश गुणवत्तेवर.

---

प्लॅटफॉर्म_पाच

खूप आभार. तासांचा हिशेब बघून धक्का बसला, साडेतीन तास प्रवास कुणी आधी धरलाच नव्हता. तो कमी करायचा काही मार्ग? ऑफर लेटरमध्ये शिफ्टबद्दल फक्त 'रोटेशनल' लिहिलंय.

---

आठ_बावीस_फास्ट

मरोळसाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वे धरू नका. फास्टने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका. जागृती नगर, असल्फा, साकीनाका, की लगेच मरोळ नाका. गाडीत पाऊण तास, मेट्रोत दहा-बारा मिनिटं. पण घाटकोपरच्या पुलावर सकाळी आणि संध्याकाळी मेट्रोची जी रांग लागते ती घड्याळात धरायला लोक विसरतात. दारापासून दारापर्यंत दीड ते पावणेदोन तास धरा. मेट्रोचा ट्रिप पास काढा, तिकिटाची रांग तरी वाचेल. कॉलेज संपलं की विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास मिळत नाही, तोही खर्च २१,९७८ तून जाणार.

बसायला जागा मिळावी म्हणून उलटं कल्याणला जाऊन तीच गाडी पकडायची असेल तर पास कल्याणपासूनचा काढा. डोंबिवली-घाटकोपर पासावर कल्याणला टीसीने धरलं तर दंड आहे.

रोटेशनलचा अर्थ लेखी घ्या. ब्रिटनच्या वेळेची शिफ्ट साधारण दुपारी १ ते रात्री १० असते, त्यात परतायला गाड्या मिळतात आणि सकाळचे ३ तास अभ्यासाला ताजे मिळतात. माझ्या मते परीक्षा देणाऱ्याला हीच सगळ्यात सोयीची. अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट पहाटे सुटते, तेव्हा लोकल नसते, गाडी कंपनीचीच लागते. कंपनीच्या कॅबला हद्द ठरलेली असते. मुलुंड-ऐरोलीपर्यंत सोडतात, पुढे आपलं आपण, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. 'डोंबिवली पूर्व, घराच्या दारापर्यंत' असं मेलवर मागा. मुलींसाठी तर हा कायद्याचा मुद्दा आहे: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामाला बोलावायचं तर संमती आणि वाहतुकीची सोय दोन्ही हवीत.

---

हप्ता_नको

८५ हजारांच्या कोर्सबद्दल कुणी बोललं नाही. 'हप्ते करून देतो' म्हणजे काय ते समजून घ्या. तो क्लास हप्ते देत नाही. एखादी वित्तसंस्था तुमच्या नावावर कर्ज काढते, सगळी रक्कम पहिल्याच दिवशी क्लासला मिळते आणि तुम्ही त्या संस्थेचे ऋणी होता. 'नो कॉस्ट' असलं तरी ते कर्जच. दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडलात किंवा क्लासच बंद पडला तरी हप्ता चालू. थकवलात की सिबिल, म्हणजे पतनोंद, खराब.

यात खरी मेख अशी की बँकांच्या भरतीत उमेदवाराचा पतइतिहास चांगला असावा ही अट असते, आणि ती रुजू होताना तपासतात. म्हणजे कोर्सचे चार थकलेले हप्ते तुमची बँकेची नोकरी अडवू शकतात. टॅबवर ओटीपी मागून 'फक्त नोंदणी आहे' म्हणतात, तेव्हाच कर्ज मंजूर होत असतं. ओटीपी देण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, त्यात कर्जाची रक्कम लिहिलेली असते.

'नोकरीची हमी' करारात कशी लिहिलीय ते बघा. बहुधा 'मुलाखतीसाठी सहाय्य' एवढंच असतं, किंवा ९० टक्के हजेरी, सगळ्या असाइनमेंट आणि देशात कुठेही जायची तयारी अशा अटी असतात. एक चुकली की हमी गेली. बी.कॉम.वाल्याला पहिल्या नोकरीपुरतं एक्सेलमधलं पिव्हट टेबल, एक्सलुकअप, पॉवर क्वेरी आणि एसक्यूएलचे जॉइन पक्के असले तरी पुष्कळ. ते फुकट साहित्यावर १०-१२ आठवड्यांत रोज तासभर देऊन होतं. ८५ हजार कशाला?

आणि मुलाखतीआधी 'परत मिळणारी अनामत' मागणारा कुणीही असो, तिथेच संवाद संपवा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन. जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

---

कालनिर्णायक

एमबीएचं राहिलं होतं. राज्याच्या सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही; शेवटची ३ मिनिटं नुसते पर्याय भरायला राखा. बँकेची आणि हिची तयारी बरीचशी एकच आहे, त्यामुळे हा निर्णय आज घ्यायची गरज नाही.

कर्जाचा आकडा मात्र आजच बघून ठेवा. १० लाख कर्ज, १०.५ टक्के व्याज, दोन वर्षांत निम्मं-निम्मं उचललं आणि शिक्षण संपल्यावर एक वर्ष सूट घेतली, तर हप्ता सुरू होईपर्यंत साधारण २ लाख ६० हजार व्याज चढतं. १२ लाख ६० हजारांचा १० वर्षांचा हप्ता महिन्याला १७,००० च्या आसपास. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमच्या संस्थेत प्रवेश मिळाला तर हे गणित वेगळं. ज्या कॉलेजातून सहा लाखांच्या नोकऱ्या लागतात तिथे दहा लाख घालू नका.

---

सेतू_खिडकी

कागदपत्रांकडे कुणाचं लक्ष नाही, आणि गाडी अडते ती इथेच.

बारावीच्या वेळचं नॉन क्रीमीलेअर बहुतेक बाद झालेलं असेल. दाखल्यावर '३१ मार्च अमुकपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, ते बघा. नवीन काढायला 'आपले सरकार' पोर्टल किंवा सेतू केंद्र. तुमचा तालुका कल्याण, दाखला प्रांत कार्यालयातून येतो. आधी तहसीलदाराचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून दोन टप्पे धरा. निकालानंतर आणि प्रवेशाच्या दिवसांत गर्दीमुळे लांबतं. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा असतो. बँक, एसएससी (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग), यूपीएससीला राज्याचा चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही तपासून घ्या. दोन्ही एकाच फेरीत मागा.

एमबीएच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागतं. समितीकडे महिने जातात. अर्जाच्या पावतीवर भागेल असं धरून बसू नका.

दुसरं, नाव. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव येतं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर कधी वडिलांचं नाव नुसतं आद्याक्षर. कंपनीच्या तपासणीत हे 'मिसमॅच' म्हणून परत येतं. क्रम वेगळा असेल तर चालतं, स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं. गुणपत्रिकेसाठी 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आणि पदवी प्रमाणपत्र दीक्षान्तानंतर मिळतं, तोवर सर्व सत्रांच्या गुणपत्रिका कंपनीला चालतात का ते विचारा.

---

प्लॅटफॉर्म_पाच

एचआरला मेल टाकलाय: रक्कम घटते का, काळ कधीपासून, काढलं तर काय, शिफ्ट कोणती, कॅब डोंबिवलीपर्यंत का. उत्तरात रक्कम घटत नाही असं आलं तर अ‍ॅप्रेंटिसशिप आणि बँक, १० महिने. घटत असेल आणि दुपारची शिफ्ट असेल तर नोकरी आणि बँक. एमपीएससी दोन्हींत पुढे ढकलली; घरी ४३ चा आकडा दाखवला, तेव्हा आवाज जरा खाली आला.

एक शंका: आधारवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त आहे, पॅन बरोबर आहे. आधी काय दुरुस्त करू?

---

सेतू_खिडकी

आधी आधार, आणि यूएएन काढण्याच्या आधी. यूएएन आता उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळून निघतो आणि नाव थेट आधारवरून उचलतो. चुकीचं नाव एकदा पीएफमध्ये गेलं की कंपनीमार्फत दुरुस्तीचा अर्ज करत बसावं लागतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रात पावतीवरचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही स्पेलिंग वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. पॅन सोबत न्या, पुरावा म्हणून तोच चालेल.